मादी टिपावी की राखावी? पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा हिशेब असा मांडा

शेळ्या पाळणाऱ्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही: दहा शेळ्यांना एक बोकड पुरतो, वीस-पंचवीस शेळ्यांनाही पुरतो. बाकीचे बोकड ईदच्या बाजारात गेले म्हणून कळप घटत नाही. पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, विकायला काढल्या की मात्र पुढच्या वर्षी करडं कमी दिसतात. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचं गणितही याच चालीचं आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून नर कितीही मारले तरी कळप वाढत राहतो. कळप वाढेल की घटेल हे प्रौढ माद्या किती उरल्या आणि त्यांची किती पाडसं जगली यावर ठरतं. मादी मारणं चांगलं की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. या जमिनीवर यंदा किती माद्या, एवढंच विचारायचं, आणि ते मोजून काढता येतं.

ही रीत पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांतल्या जमीनमालकांसाठी आणि परवानाधारक शिकाऱ्यांसाठी आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तिथे हिचा उपयोग नाही. पण न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियात घर केलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या परसातली होस्टा नावाची पानांची शोभेची झाडं हरणं दर उन्हाळ्यात फस्त करतात, आणि गावच्या सभेत शिकारीला परवानगी द्यावी का यावर मत मागितलं जातं. त्यांनाही हा हिशेब कामाला येईल.

माद्या राखण्याचा आग्रह मुळात चुकीचा नव्हता. 1900 च्या सुमारास बेसुमार शिकारीने अमेरिकाभर ही हरणं पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली होती. पेन्सिल्व्हेनियाने 1907 मध्ये मादी मारायला बंदी केली, त्या वेळी तेच योग्य होतं. कळप सावरले, जंगलाचा तळ खाऊन संपू लागला, तरी ‘मादीला हात लावायचा नाही’ हा संस्कार शिकाऱ्यांच्या घराघरांत टिकून राहिला. विस्कॉन्सिनने 1943 मध्ये माद्याही मारू दिल्या तेव्हा एका हंगामात सुमारे 1,28,000 हरणं मारली गेली आणि लोकांनी त्याला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हटलं. हरणं संपली मात्र नाहीत. आज देशभरात त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे.

वाढीचा वेग किती असू शकतो ते मिशिगनच्या जॉर्ज रिझर्व्हमध्ये दिसलं. कुंपण घातलेल्या 464 हेक्टरांत 1928 मध्ये 2 नर आणि 4 माद्या सोडल्या. 1933 च्या डिसेंबरात हाका घालून मोजले तेव्हा 160 हरणं निघाली. पुढे 1975 मध्ये तिथला कळप मुद्दाम 10 वर आणला, तर 1980 पर्यंत तो 212 झाला. प्रौढ मादी बहुधा जुळं देते, आणि चारा भरपूर असेल तर त्याच उन्हाळ्यात जन्मलेली मादी सहा-सात महिन्यांची असतानाच गाभण राहते. वाढ इतकी झपाट्याने होते ती यामुळे.

पहिलं काम मोजणी

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ पकडा. नरांची शिंगं पुरती वाढलेली असतात आणि पाडसं आयांबरोबर हिंडू लागलेली असतात. दर 100 एकरांना एक ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावा, म्हणजे एका चौरस मैलाला, 640 एकरांना, सहा. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन भिंगात शिरून निम्मे फोटो पांढरे येतात. समोरचं गवत कापा, कारण हलणाऱ्या पात्यानेही कॅमेरा चालू होतो. दोन फोटोंमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा. आठवडाभर आधी मका टाकून हरणांना जागेची सवय लावा आणि मग 14 दिवस कॅमेरे चालू ठेवा. मका टाकण्याआधी राज्याचा नियम बघा. हरणांच्या मेंदूचा सीडब्ल्यूडी हा रोग जिथे सापडला आहे, अशा अनेक भागांत हरणांना खाऊ घालायलाच बंदी आहे.

माद्या एकमेकींसारख्या दिसतात, त्या एकेक करून ओळखता येत नाहीत. नर ओळखता येतात: फाटे किती, पसारा केवढा, कुठलं टोक मोडलं आहे. म्हणून नरांवरून माद्यांचा अंदाज काढायचा. समजा नरांचे एकूण 240 फोटो आले आणि वेगवेगळे नर 12 ओळखू आले. म्हणजे 20 फोटोंमागे एक नर. माद्यांचे 480 फोटो असतील तर 480 भागिले 20, माद्या 24. पाडसांचेही 480 असतील तर पाडसं 24. एका फोटोत तीन माद्या दिसल्या तर त्या तीन धरा. ओळखू न येणारं जनावर कुठल्याही रकान्यात घालू नका.

पाडसं लाजरी असतात, मक्यावर उशिरा येतात. आकडा कमी वाटला तर ऑक्टोबरमध्ये मचाणावर बसून किती माद्या आणि किती पाडसं दिसली ते रोज लिहा आणि दोन्ही प्रमाणं ताडून बघा.

मग बेरीज-वजाबाकी

वरचेच आकडे घेऊ: माद्या 24, पाडसं 24, म्हणजे मादीमागे एक पाडस. निम्मी पाडसं माद्या धरायची, 12. हिवाळा, गाड्या, कोयोट (लांडग्याच्या कुळातला शिकारी प्राणी) आणि आजार यांच्यात वर्षभरात प्रौढ माद्यांतल्या 10 टक्के आणि पाडसांतली 20 टक्के जातात असं धरू. तुमच्या भागातले आकडे वेगळे असतील, ते राज्याच्या वन्यजीव खात्याकडून घ्या.

एकही मादी मारली नाही तर पुढच्या सप्टेंबरात 24 मधल्या 21.6 आणि पाडसांतून आलेल्या 9.6 मिळून 31 माद्या होतील. त्याच्या पुढच्या वर्षी 41, तिसऱ्या वर्षी 53. नर कितीही मारले असोत.

संख्या 24 वरच ठेवायची तर यंदा 8 प्रौढ माद्या काढाव्या लागतील: उरलेल्या 16 मधल्या 14.4 जगतील, त्यात 9.6 मिळवले की 24. कळप 18 माद्यांवर आणायचा असेल तर 15 काढाव्या लागतील. पहिल्यांदा हिशेब मांडणारे या आकड्याला दचकतात आणि तीन-चार माद्यांवर थांबतात. पण इथे तीन-चार माद्या मारूनही कळप वाढतच राहतो, तेव्हा जंगलाला आराम मिळाला असं समजू नका.

आता पाडसांचं प्रमाण बदलून बघा. मादीमागे अर्धंच पाडस जगत असेल, तर कळप आहे तेवढाच ठेवण्यासाठी 8 ऐवजी फक्त 3 माद्या काढता येतात. चार माद्यांमागे एकच पाडस असेल तर उत्तर शून्य येतं. तिथे मारलेली प्रत्येक मादी कळपाला खाली ओढते. याच 24 माद्यांत एका जमिनीवर 8 मारणं बरोबर आणि दुसरीवर एकही मारणं चूक, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मोजणी टाळू नका.

जमिनीला विचारा

कळप किती ठेवायचा हे जंगल सांगतं. झाडीत शिरल्यावर जमिनीपासून साधारण पाच फुटांपर्यंत सगळं साफ आणि त्यावर एका रेषेत पाला दिसला, तर हरणाचं तोंड पोचतं तिथवर काही उरलेलं नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात तळाला नुसतं नेचं पसरलेलं दिसलं तर त्याकडे हिरवळ म्हणून बघू नका. नेचं हरीण खात नाही. ओकची रोपं आणि ट्रिलियमची फुलं गेली, म्हणून त्याला जागा मिळाली आहे.

खात्री करायची असेल तर 10 बाय 10 फुटांचा चौकोन आठ फूट उंच तारेच्या जाळीने बंद करा आणि शेजारी तेवढाच चौकोन चार खुंट्या ठोकून उघडा ठेवा. झाडं वाढण्याचे दोन हंगाम जाऊ द्या. मग दोन्हीकडे गुडघ्यावर बसून ओकची रोपं मोजा आणि त्यांचे शेंडे बघा. सशाने खाल्लेली काडी सुरीने तिरपी छाटावी तशी दिसते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते काडी ओढून तोडतं, म्हणून टोक फाटकं, धागे निघालेलं राहतं. आत वीतभर रोपं आणि बाहेर फाटके खुंट असतील, तर माद्यांची संख्या खाली आणायला हवी.

कुठली टिपायची, केव्हा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बिनशिंगी दिसणारं प्रत्येक हरीण मादी नसतं. त्याच वर्षीच्या नर पाडसाच्या डोक्यावर शिंगांच्या जागी नुसती टेंगळं असतात, ती केसांखाली लपतात. प्रौढ मादी अंगाने लांबट असते, मुस्कट लांब आणि त्यामानाने कान लहान वाटतात, दोन कानांमधलं डोकं गोलसर असतं. पाडसाचं अंग चौकोनी, मुस्कट आखूड, कान मोठे, आणि नर पाडसाचं डोकं कानांमध्ये सपाट दिसतं. संध्याकाळी मोकळ्या शेतात सगळ्यांआधी एकटं येणारं लहान हरीण बहुतेकदा नर पाडस असतं. त्यावर नेम धरू नका. दोन-तीन एकत्र येईपर्यंत थांबा, शेजारी-शेजारी उभी राहिली की मोठी कुठली ते कळतं. मारलेल्या बिनशिंगी हरणांत नर पाडसं दहात एकापेक्षा जास्त निघत असतील, तर ओळखण्यात घाई होते आहे.

माद्या हंगामाच्या सुरुवातीलाच काढा. ऑक्टोबरमध्ये पाडस आणि आई यांच्या आकारातला फरक ठळक असतो, डिसेंबरात तो पुसट होतो. शिवाय लवकर काढलेल्या मादीच्या वाट्याचा चारा हिवाळ्यासाठी बाकीच्यांना उरतो.

पाडस पोरकं होईल ही काळजी साहजिक आहे. मे-जूनमध्ये जन्मलेलं पाडस ऑक्टोबरपर्यंत चार-पाच महिन्यांचं होतं, स्वतः चरतं, त्याला दुधाची गरज उरत नाही. आई गेलेली नर पाडसं तर मोठी झाल्यावर दूर भटकत कमी जातात, कारण त्यांना हुसकावून लावायला आई नसते.

‘म्हातारी भाकड मादी काढू’ हा विचार सोडा. हरणांत भाकड मादी क्वचितच असते. वयस्क मादीच सगळ्यात नेमाने जुळं देते. ऑक्टोबरात कासेत दूध नसलेली मादी बहुधा दीड वर्षाची, अजून एकदाही न व्यालेली असते, किंवा तिचं पाडस उन्हाळ्यातच गेलेलं असतं.

जिथे हिशेब फसतो

लेकी आईच्या शेजारीच राहतात, नर मात्र दीड वर्षाचे झाले की दूर निघून जातात. त्यामुळे रस्त्यालगतच्या एकाच सोयीच्या शेतावर सगळ्या माद्या टिपल्या तर तिथला घोळका संपतो आणि डोंगरापलीकडचा तसाच वाढतो. माद्या जिथे जास्त आहेत तिथूनच काढायला हव्यात.

पन्नास एकरांचा मालक एकटाच हिशेब मांडत असेल तर त्याच माद्या शेजारीही मोजतो आणि दोघेही त्याच मारतात. निदान चौरस मैलभराच्या मालकांनी एकत्र बसून एकच आकडा ठरवावा.

परवाना म्हणजे हरीण नव्हे. पेन्सिल्व्हेनियात बिनशिंगी हरणांच्या साधारण चार परवान्यांमागे एक हरीण मारलं जातं, आणि त्यातही पाडसं असतात. आठ प्रौढ माद्या हव्यात म्हणून आठच परवाने काढले, तर हंगाम संपला तरी दोन-तीनच हाती येतात.

कडक हिवाळा गेला, किंवा उन्हाळाअखेरीस पाण्याकाठी मेलेली हरणं सापडू लागली, तर गेल्या वर्षीचा आकडा वापरू नका. चिलटांमधून पसरणारा रक्तस्रावाचा ताप त्याच सुमारास येतो.

आणि हे गणित दुसऱ्या जनावराला लावू नका. अस्वलाची मादी चार-पाच वर्षांची झाल्यावर कुठे पहिल्यांदा विते, मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा. तिथे थोड्या माद्या गेल्या तरी कळ लागते, म्हणून स्वीडनमध्ये पिल्लं बरोबर असलेल्या अस्वलीला मारायला मनाई आहे. उलट मध्य आशियातल्या सायगा नावाच्या कुरंगांत शिंगं फक्त नरांना असतात. शिंगांसाठी नर इतके मारले गेले की उरलेल्या माद्या गाभणच राहीनात. नर कितीही मारले तरी चालतं, या म्हणण्यालाही अशी हद्द आहे.

नोंदवही

मारलेल्या प्रत्येक मादीची एक ओळ लिहा: तारीख, जागा, आतडी काढल्यानंतरचं वजन, कासेत दूध होतं का, आणि खालचा जबडा. शेळीचं वय पुढच्या दातांवरून बघतात, हरणाचं दाढांवरून. दीड वर्षाच्या जनावराची तिसरी दाढ अजून दुधाची, तीन उंचवट्यांची असते. ती पडून दोन उंचवट्यांची आली की जनावर त्याहून मोठं. जबडा उकळू नका, दात सुटतात. मांस खरवडून वाळवा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधा. दीड वर्षाच्या माद्यांचं सरासरी वजन वर्षागणिक वाढत असेल तर चारा पुरू लागला आहे. पुढच्या ऑगस्टअखेरीस कॅमेरे त्याच सहा खांबांवर, त्याच उंचीवर लावा, नाहीतर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.