नाचाची फिल्म: कट तालमीतच ठरवा

बेळगावात लग्नाच्या आणि शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगच्या शूटिंगवर हात बसलेली बरीच मुलं-मुली आता नाचाच्या छोट्या फिल्म करू लागली आहेत. खानापूरकडच्या बायकांचा झिम्मा, एखाद्या गावच्या पथकाची लेझीम, भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींचं एखादं पद. फुटेज देखणं असतं, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर आलं की नाच तुटतो. असं फुटेज जोडायचं काम मी करते. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: नाचाच्या फिल्मचा कट कुठे पडणार हे तालमीतच ठरवावं लागतं. शूटिंग झाल्यावर एडिटरपुढे फक्त तडजोड उरते.

तालमीला कॅमेरा न घेता जा. एकदा समोरून बघा, एकदा बाजूने, एकदा पाठीमागून. नाचाचं वजन कुठे आहे ते शोधा. झिम्म्यात ते हातांच्या टाळीत आणि वाकलेल्या कंबरेत असतं. लेझमीत गुडघ्यात असतं, हातातली लेझीम फक्त त्याचा आवाज करते. भरतनाट्यममध्ये एका क्षणी पायात असतं आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यांत. वजन जिथे आहे तिथे कॅमेरा जायला हवा. नवखा माणूस चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये अडकतो, कारण लग्नाच्या शूटिंगने तीच सवय लावलेली असते.

म्हणून पहिला शॉट नेहमी पूर्ण अंगाचा घ्या, पाय आणि खालची थोडी जमीन धरून. हात वर गेला तर फ्रेमबाहेर जाणार नाही एवढी जागा डोक्यावर सोडा. अख्खा नाच असा एकदा सलग घेऊन ठेवला की एडिटिंगमध्ये कुठेही अडलात तरी परत यायला घर असतं. मिड शॉट, म्हणजे अर्ध्या अंगाचा शॉट, घेताना सांध्यावर फ्रेम कापू नका. घोट्यावर, गुडघ्यावर किंवा मनगटावर कापलं की अंग तोडल्यासारखं दिसतं. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापलं की डोळा उरलेलं अंग आपोआप पूर्ण करतो. वाइड लेन्स जवळ नेलीत तर फ्रेमच्या कडेला आलेले हातपाय ताणलेले दिसतात. लांबच्या (टेलिफोटो) लेन्सवर कॅमेऱ्याकडे धावत येणारा नर्तक जागच्या जागी धावतोय असं वाटतं. दोन्ही परिणाम मुद्दाम वापरता येतात, पण आधी ठाऊक हवेत.

आता कटकडे येऊ. बहुतेक नवे एडिटर ठेक्यावर कट मारतात. तबला ‘धा’ म्हणाला की कट. दोन मिनिटांत बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळायला लागतो आणि त्याचं लक्ष नाचावरून उडतं. कट हालचालीच्या पोटात मारा: हात वर जायला निघाला, अर्ध्यावर आला, तिथे कट, आणि पुढच्या शॉटमध्ये तोच हात अर्ध्यावरून वर पोचतो. डोळा हालचालीमागे धावत असतो, त्याला दोन शॉटमधला जोड दिसत नाही. हे जमायचं असेल तर शूटिंगमध्ये प्रत्येक तुकडा कटच्या जागेच्या चार मात्रा आधी सुरू करून चार मात्रा नंतर थांबवावा लागतो. नर्तकाला ते कंटाळवाणं वाटतं, म्हणून कारण आधी नीट समजावून सांगा. आपल्याकडे एका पथकात कुणी ‘एक-दोन’ मोजतं, कुणी कन्नडमध्ये ‘ओंदु-एरडु’. शूटिंगपुरती मोजणी एकच ठेवा आणि ती मोठ्याने म्हणायला एकाच माणसाला सांगा.

या कटची ताकद बघायची असेल तर अमेरिकेतल्या प्रयोगशील फिल्मकार माया डेरेन यांनी टॅली बीटी या नर्तकाबरोबर १९४५ साली केलेली, काही मिनिटांची मूक फिल्म शोधून पाहा. झाडीत उचललेला पाय खोलीत येऊन टेकतो. मध्ये प्रवास नाही, संगीत नाही, फक्त एक पाऊल आहे. हळशीच्या देवळापुढे उचललेलं पाऊल खानापूरच्या अंगणात टेकवायला त्याहून महागडं काही लागत नाही. प्रकाशाची दिशा आणि पावलाचा वेग दोन्हीकडे सारखा ठेवला की झालं.

फेरातल्या नाचाचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातले बरेच नाच फेराचे आहेत आणि शिकवताना उदाहरणं बहुधा समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांची दिली जातात. १८० डिग्रीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: दोघांना जोडणारी रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नका. फेरात ती रेषा कुठे आहे? समजा बायका घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताहेत आणि तुम्ही बाहेर उभे आहात. तुमच्या जवळून जाणारी बाई फ्रेममध्ये उजवीकडून डावीकडे जाते. आता कॅमेरा घेऊन फेराच्या मध्यभागी जा. तीच बाई डावीकडून उजवीकडे जाताना दिसेल. हे दोन शॉट एकमेकांना चिकटवले की फेर मध्येच उलटा फिरला असं वाटतं. यावर उपाय आहेत. मध्ये वरून घेतलेला शॉट टाका, म्हणजे सगळा फेर एका नजरेत कळतो. नाहीतर जमिनीलगत कॅमेरा ठेवून थेट समोर येणाऱ्या पावलांचा शॉट टाका, त्याला डावं-उजवं नसतं. सगळ्यात सुंदर म्हणजे न कापता दोन बायकांच्या मधून कॅमेरा आत न्या. बघणारा आपल्याबरोबर रेषा ओलांडतो आणि गोंधळत नाही.

फुगडीत याचीच दुसरी बाजू दिसते. एका हाताची फुगडी धरा आणि मोकळ्या हातात फोन घ्या, मनगटाला दोरी बांधूनच. समोरच्या बाईचा चेहरा फ्रेममध्ये स्थिर राहतो, कपाळावरचा घाम, सुटलेली बट, हसू सगळं दिसतं, आणि मागचं अंगण, तुळशी, ओटीवर बसलेली माणसं पट्ट्यासारखी वाहत जातात. मग बाहेरून ट्रायपॉडवर एक शॉट घ्या. त्यात अंगण स्थिर आहे आणि अंगं फिरताहेत. फुगडी काट्यांच्या दिशेने असेल तर आतल्या शॉटमध्ये पार्श्वभूमी उजवीकडून डावीकडे वाहते, आणि बाहेरच्या शॉटमध्ये जवळची बाईही उजवीकडून डावीकडेच जाते. दोन्ही प्रवाह एकाच दिशेचे असल्यामुळे इथे कट अलगद बसतो. दोन्ही शॉट वेगळ्या जोड्यांचे असतील तर फिरण्याची दिशा आधी तपासा.

तांत्रिक बाबींपैकी दोनच सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली फोन सेकंदाला ३० फ्रेमवर आणि शटर १/६० सेकंदावर असेल तर चित्र फडफडतं. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. उन्हात १/५० ला चित्र पांढरं पडतं, तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावा. शटर फार वाढवलं तर हालचालीतला धूसरपणा जातो आणि नाच खडखडीत दिसतो. दुसरी बाब स्लो मोशनची. ५० फ्रेमवर घेऊन २५ वर चालवायचं असेल आणि तरी गाण्याशी मेळ हवा असेल, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा आणि नर्तकाला त्या वेगाने नाचू द्या. वेग निम्मा केला की पावलं गाण्यावर बसतात आणि पदर मात्र तरंगत राहतो.

आवाज वेगळा घ्या. नाच संपल्यावर कॅमेरा बंद करून घुंगरांचा, लेझमीचा, मातीवर पडणाऱ्या पायांचा आवाज शांततेत रेकॉर्ड करा. नुसतं गाणं लावलेल्या फिल्ममध्ये पाय जमिनीला लागत नाहीत. पुढच्या शॉटमधल्या घुंगरांचा आवाज कटच्या किंचित आधी सुरू केलात तर बघणारा स्वतःहून पुढच्या शॉटकडे वळतो.

जागांबद्दल थोडक्यात. येळ्ळूरच्या राजहंसगडावर वारा असतो, त्यामुळे प्लेबॅकचा स्पीकर नर्तकाजवळ ठेवा. हळशीचं भूवराह नरसिंह मंदिर किंवा बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती अशा ठिकाणी ट्रायपॉड उघडण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीची चौकशी करा. ड्रोनचा मोह आवरा: सांबऱ्याला विमानतळ आहे, कॅम्पात लष्कर आहे. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा झोन पाहिल्याशिवाय उडवू नका. फेराचा वरून शॉट शाळेच्या गच्चीवरूनही उत्तम मिळतो.

रीतसर शिकायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय ही फिल्म संस्था आहे, कोलकात्याची सत्यजित राय संस्था आहे, आणि बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला राज्य सरकारची संस्था आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी बेंगळुरूचं नाव ऐकून दचकू नये. गुरुदत्त यांचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती बेंगळुरूच्याच पॉलिटेक्निकमध्ये कॅमेरा शिकले. स्वतः गुरुदत्त अल्मोड्याला उदय शंकर यांच्याकडे नाच शिकले होते आणि नंतर नृत्यदिग्दर्शनाच्या कामासाठी पुण्याला ‘प्रभात’मध्ये आले. ती ‘प्रभात’ मुळात १९२९ साली आपल्या शेजारच्या कोल्हापुरात सुरू झाली. नाच आणि कॅमेरा एकत्र शिकायला हा भाग आडवळणाचा आहे असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. पोटापाण्याचं म्हणाल तर सुरुवातीला लग्नं आणि गॅदरिंग करावीच लागतील. मन लावून करा, कारण रीटेक न मिळणाऱ्या कामात हालचालीचा अंदाज घ्यायची जी सवय लागते, ती वर्गात लागत नाही.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, झाला की आधी आवाज बंद करून बघा. नाच तरीही कळत असेल तर कट बरोबर आहेत. मग तो नाचणाऱ्यांना दाखवा, मित्रांना नंतर. एखादं पाऊल गळलं असेल किंवा गिरकी दोनदा आली असेल तर त्यांना क्षणात कळतं. त्याच बैठकीत फिल्म कुठे कुठे दाखवणार ते सांगून त्यांची लेखी संमती घ्या आणि श्रेयनामावलीत नाव कसं हवं ते विचारा. कुणाला मराठीत हवं असतं, कुणाला कन्नडमध्ये. ज्याला जसं हवं तसं, त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि टायटल करताना तो कागद समोर ठेवा.