ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या किल्ल्या सांभाळण्याचा परवाना: अर्जापूर्वीची तयारी

ग्राहकांच्या इमारतींच्या किल्ल्या ताब्यात ठेवण्याच्या कामाला ब्रिटनमध्ये ‘की होल्डिंग’ म्हणतात. २००१ च्या खासगी सुरक्षा उद्योग कायद्यानुसार हे काम कंत्राटावर करणाऱ्याला सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी, म्हणजे एसआयए, या नियामक संस्थेचा परवाना लागतो. किल्ली म्हणजे केवळ धातूची किल्ली नव्हे. कुलूप उघडणारे कार्ड किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक साधनही कायद्याने त्यातच धरले आहे. आपल्याच मालकाच्या इमारतीच्या किल्ल्या सांभाळणारा पगारी नोकर मात्र यात येत नाही, आणि साफसफाईच्या कामापुरती किल्ली जवळ ठेवणारा सफाई कामगारही येत नाही.

म्हणून अर्ज उघडण्याआधी नोकरी देणाऱ्या कंपनीकडून कामाचे स्वरूप लेखी मागून घ्यावे. माझ्या मते संपूर्ण तयारीत हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण की होल्डिंगच्या परवान्याला कोणतेही प्रशिक्षण सक्तीचे नाही आणि त्या सवलतीला भुलून अनेक जण तोच परवाना काढायला जातात. तो परवाना किल्ल्यांपुरताच असतो. अलार्म वाजल्यावर रात्री इमारतीत फेरी मारायची, पहारा द्यायचा, असे कामात असेल, तर सिक्युरिटी गार्डिंगचा परवाना लागतो. त्यासाठी ठरलेली पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि त्या अभ्यासक्रमाआधी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र हाती असावे लागते. उलट, गार्डिंगचा किंवा अन्य कोणताही प्रत्यक्ष कामाचा, म्हणजे ‘फ्रंट लाइन’, परवाना असणाऱ्याला किल्ल्यांसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. तेव्हा पैसे एकदाच भरायचे असतील तर कोणता परवाना काढावा, हे उघड आहे. कंपनीचे संचालक आणि कामावर देखरेख करणारे यांच्यासाठी ‘नॉन फ्रंट लाइन’ हा निराळा प्रकार आहे.

वय १८ पूर्ण असावे आणि ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क असावा. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, त्यामुळे कंपनी ‘सेल्फ एम्प्लॉइड’ म्हणून घेऊ पाहत असेल तर विद्यार्थ्याने तिथेच थांबावे.

कागदपत्रांना सर्वांत जास्त वेळ द्यावा. गेल्या पाच वर्षांचे सर्व पत्ते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिलो यासह, मध्ये एकही महिना रिकामा न सोडता लिहून काढावेत. या पाच वर्षांत भारतात किंवा अन्य देशात सलग सहा महिने अथवा अधिक काळ वास्तव्य झाले असेल, तर त्या देशातील गुन्हेगारी नोंदीचा दाखला लागतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज सर्वांत आधी करावा. आपल्याकडची खास अडचण नावाची असते. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असते, बँकेच्या कागदावर फक्त नाव आणि आडनाव असते आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव असते. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे आणि आडनाव बदलले असल्यास विवाहाचा दाखला जवळ ठेवावा. पूर्वी शिक्षा झाली असेल तर ती लपवू नये, कारण ती तपासणीत निघतेच.

शुल्क १ एप्रिल २०२३ पासून १८४ पौंड करण्यात आले; अर्जाच्या दिवशी लागू असलेला आकडा एसआयएच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. परवान्याची मुदत तीन वर्षे असते. तो हाती येईपर्यंत ‘तोवर चावी सांभाळ, कागद मागाहून होतील’ असे कोणी म्हटले तरी किल्ली घेऊ नये. परवान्याविना असे काम करणे हा गुन्हा असून त्याला दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

रुजू होताना कंपनीची किल्ल्यांची पद्धत स्वतः पाहून घ्यावी. किल्लीला अडकवलेल्या पट्टीवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा, ग्राहकाचे नाव किंवा पत्ता नसावा, आणि अलार्मचा कोड त्याच पाकिटात नसावा. मोहोरबंद पिशवी हातात घेताना मोहोरेवरचा क्रमांक नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे आणि वेळ लिहूनच सही करावी. क्रमांक जुळत नसेल तर पिशवी तिथेच टेबलावर ठेवून वरिष्ठांना बोलवावे. ‘फ्रंट लाइन’ परवान्यावर काम करताना परवान्याचे कार्ड दिसेल असे लावावे लागते. परवाना हरवल्यास किंवा पत्ता बदलल्यास एसआयएला कळवावे, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या चार महिने आधीपासून करता येतो, ती तारीख आजच लिहून ठेवावी.