कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर मेकअप आर्टिस्टची नोकरी कशी मिळवावी

काउंटरवरच्या नोकरीसाठी येणारे बहुतेक उमेदवार नवरीच्या मेकअपचे अल्बम घेऊन येतात आणि तिथेच त्यांचा अंदाज चुकतो. नवरीला तयार करायला दोन-तीन तास मिळतात, ती खुर्चीत बसलेली असते आणि पैसे आधीच ठरलेले असतात. काउंटरवर मात्र एक अनोळखी स्त्री हातात पिशव्या घेऊन उभी असते, तिला सिनेमाची वेळ गाठायची असते, आणि दहा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर असे काहीतरी करून दाखवायचे असते, की ती आरशात पाहील आणि स्वतःहून किंमत विचारेल. काउंटर मॅनेजर उमेदवारात हेच कसब शोधत असतो. जाहिरातीत या पदाला कधी मेकअप आर्टिस्ट, कधी ब्यूटी अ‍ॅडव्हायझर म्हटलेले असते. नाव कोणतेही असले तरी काम निम्मे हाताचे आणि निम्मे विक्रीचे असते, हे आधीच मान्य केलेले बरे.

अर्ज करण्यापूर्वी ते काउंटर नेमके कोणाचे आहे हे पाहावे, कारण त्यावर अर्ज कुठे द्यायचा ते ठरते. १९९१ साली अंधेरीत पहिले दुकान उघडणाऱ्या शॉपर्स स्टॉपने मॅक, क्लिनिक, बॉबी ब्राऊन यांसारख्या परदेशी ब्रँडची दुकाने भारतात भागीदारीत चालवलेली आहेत; सेफोराची भारतातील दुकाने २०२३ पासून रिलायन्सकडे आहेत; लॅक्मे हिंदुस्तान युनिलिव्हरचा ब्रँड आहे. अनेक ठिकाणी तर काउंटर ब्रँडचे, छप्पर दुकानाचे आणि पगारपत्रक तिसऱ्याच मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचे, अशी तिहेरी व्यवस्था असते. त्यामुळे केवळ ब्रँडच्या संकेतस्थळावर अर्ज भरून वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष काउंटरवर जाऊन ‘इथली भरती कोण करतं?’ असे नम्रपणे विचारणे अधिक उपयोगी पडते. जाण्याची वेळही महत्त्वाची आहे. शनिवार-रविवारी संध्याकाळी कोणालाही मान वर करायला सवड नसते. मंगळवार-बुधवारी मॉल उघडल्यानंतर तासाभराने गेल्यास मॅनेजर पाच मिनिटे नीट बोलू शकतो. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी हंगामी माणसे घेतली जातात. हंगामी नोकरीला कमी लेखू नये, कारण जागा रिकामी झाली की आधी काम पाहिलेल्या माणसाचेच नाव पुढे येते.

शिक्षणाची अट बहुधा बारावीपर्यंतचीच असते. प्रमाणपत्र हवे असल्यास आयटीआयमधील कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हा कमी खर्चाचा आणि भक्कम मार्ग आहे. सिडेस्को या आंतरराष्ट्रीय सौंदर्योपचार संस्थेची पदविका प्रतिष्ठेची असली, तरी काउंटरवरच्या पहिल्या नोकरीसाठी ती आवश्यक नाही. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देऊन लाखभर रुपये मागणाऱ्या अकादमीत जाण्यापूर्वी तिथून बाहेर पडलेले कोण, कोणत्या काउंटरवर काम करते, हे विचारून घ्यावे. माझ्या मते ते पैसे चांगले ब्रश घेण्यात आणि उरलेले महिने निरनिराळ्या चेहऱ्यांवर सराव करण्यात घालवणे अधिक शहाणपणाचे आहे.

हा सराव नेमका कशाचा करावा? सर्वांत आधी फाउंडेशनची शेड जुळवण्याचा. आपल्याकडे एकाच चेहऱ्यावर कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गडद, तर गाल त्याहून उजळ असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे मनगटावर शेड लावून पाहणाऱ्याची निवड हमखास चुकते. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरतील अशा तीन जवळच्या शेडच्या रेघा ओढाव्यात, काही मिनिटे थांबावे, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात, आणि मग दुकानातल्या पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांपासून दूर, शक्य तितक्या दिवसाच्या उजेडात पाहावे. जी रेघ दिसेनाशी होते, ती शेड योग्य. ग्राहक अनेकदा स्वतःहून एक-दोन छटा उजळ शेड मागते. अशा वेळी तिला न दुखवता एका बाजूला तिने मागितलेली आणि दुसऱ्या बाजूला जुळणारी शेड लावून मान आणि चेहरा एकत्र दाखवला, की वाद घालावा लागत नाही. डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट उजळ कन्सीलर (डाग झाकणारे क्रीम) लावल्यास तो भाग राखाडी दिसतो. त्याआधी पीच किंवा गडद त्वचेवर नारिंगी करेक्टरचा (काळेपणाची छटा मारणाऱ्या रंगीत क्रीमचा) पातळ थर द्यावा लागतो. हे ज्याला गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या अशा तिन्ही वर्णांवर जमते, त्याला मुलाखतीत फार बोलावे लागत नाही.

पोर्टफोलिओत दहा-बारा छायाचित्रे पुरेत, पण ती खिडकीपाशी, फिल्टरशिवाय काढलेली असावीत. त्यांत निदान एक पन्नाशीपुढचा चेहरा, एक मुरुमांचे डाग असलेला चेहरा आणि एक साधा, ऑफिसला जाण्याजोगा मेकअप असावा. ज्यांची छायाचित्रे वापरली त्यांची परवानगीही घेतलेली असावी.

मुलाखतीनंतर किंवा तिच्याच ओघात प्रात्यक्षिक घेतले जाते. कधी स्वतःची मॉडेल आणायला सांगतात, कधी काउंटरवरच्याच सहकाऱ्याला समोर बसवतात. इथे अंतिम रूपाइतकेच लक्ष सुरुवातीच्या दोन मिनिटांकडे असते. हात धुतले किंवा सॅनिटायझर लावला का, कोणत्या घटकाची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारले का, डोळ्यांत लेन्स आहेत का याची चौकशी केली का, हे सारे पाहिले जाते. लिपस्टिकचा टेस्टर थेट ओठांना लावणारा उमेदवार तिथल्या तिथे बाद होऊ शकतो. ती स्पॅच्युलाने खरवडून पॅलेटवर घ्यावी आणि ब्रशने लावावी. मस्काऱ्यासाठी एकदाच वापरायची कांडी घ्यावी आणि ती पुन्हा नळीत बुडवू नये. काजळाच्या पेन्सिलीला आधी टोक करावे, तिच्यावर अल्कोहोल फवारावे आणि ते पूर्ण उडाल्यावरच ती वापरावी. ब्रश स्वच्छ करायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, हे माहीत असावे. डब्यावरील उघड्या झाकणाच्या चिन्हातील ‘१२ एम’ म्हणजे उघडल्यापासून बारा महिने, हेही विचारले जाऊ शकते.

हात चालू असताना तोंडही चालले पाहिजे, मात्र गप्पांसाठी नव्हे. आपण काय लावतो आहोत, का लावतो आहोत आणि हे तिला घरी स्वतःला कसे करता येईल, हे साध्या शब्दांत सांगत राहावे. अर्धा चेहरा स्वतः करून दुसऱ्या बाजूसाठी ब्रश ग्राहकाच्याच हाती देणे ही काउंटरवरची जुनी आणि फार परिणामकारक पद्धत आहे, कारण जी वस्तू स्वतःला वापरता आली, ती घ्यावीशी वाटते.

विक्रीच्या प्रश्नांना घाबरण्याचे कारण नाही. ‘ही लिपस्टिक मला विका’ असे म्हटल्यावर लिपस्टिकचे गुण सांगत सुटू नये. आधी ‘रोज लावणार की कार्यक्रमासाठी? मॅट आवडते का? ओठ कोरडे पडतात का?’ असे विचारावे. ‘हीच वस्तू ऑनलाइन स्वस्त मिळते’ या आक्षेपावर रागावू किंवा ओशाळू नये. तिथे शेड लावून पाहता येत नाही आणि चुकीची शेड स्वस्तात घेतली तरी ती कपाटातच पडून राहते, एवढे हसून सांगितले तरी पुरते. काउंटरची भाषाही ठाऊक असावी. समजा, दिवसभरात ४० जणी थांबल्या, त्यांपैकी १० जणींनी मिळून १५ वस्तू घेतल्या आणि १८,००० रुपयांची विक्री झाली, तर कन्व्हर्जन, म्हणजे थांबलेल्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण, २५ टक्के, एका बिलामागे दीड वस्तू आणि सरासरी बिल १,८०० रुपये. पूर्वी साड्यांच्या किंवा मोबाइलच्या दुकानात काम केले असेल, तर ते लपवू नये. नुसत्या मेकअपच्या अनुभवापेक्षा ते कधी कधी जास्त वजनदार ठरते.

मुलाखतीला बहुतेक ठिकाणी साधे काळे कपडे, बांधलेले केस, कापलेली नखे आणि नीट बसलेला मेकअप अपेक्षित असतो. पुरुष उमेदवारांनी कचरण्याचे कारण नाही. अनेक काउंटरवर पुरुष आर्टिस्ट उत्तम काम करतात. या धंद्यात दारे कोणासाठी बंद होती याचा इतिहास खरे तर उलटाच आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील संघटना स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचे ओळखपत्रच देत नसे आणि चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये ती मनाई बेकायदा ठरवली.

निवड झाल्याचा फोन आला की आनंदाच्या भरात होकार देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आहे, हातात येणारा पगार किती, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, इन्सेंटिव्ह स्वतःच्या विक्रीवर मिळतो की साऱ्या काउंटरच्या, लक्ष्य गाठले नाही तर काय होते, आणि प्रशिक्षणाच्या काळात पगार मिळतो का? नोकरी लावून देण्यासाठी कोणी नोंदणी शुल्क किंवा गणवेशाची अनामत आगाऊ मागत असेल, तर तिथून निघावे. सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी मिळेल आणि सणांच्या दिवसांत बहुधा मिळणारच नाही, हे घरी आधी सांगून ठेवावे. दिवसभर उभे राहायचे असल्याने पायांना सोसतील असे बूट पहिल्या पगाराची वाट न पाहता घ्यावेत. मॉल रात्री साडेनऊ-दहाला बंद होतो, पण त्यानंतर हिशेब आणि टेस्टरची साफसफाई करावी लागते. म्हणून बदलापूर किंवा विरारला राहणाऱ्यांनी लोअर परळचे काउंटर स्वीकारण्यापूर्वी शेवटच्या पाळीला प्रत्यक्षात किती वाजता सुटका होते, हे मॅनेजरला नव्हे, तर तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीला विचारावे.