घरात मेणबत्त्या करताय? आधी ओट्याची मांडणी बघा

दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला आपल्या कोल्हापुरात बऱ्याच ताई-वहिनी घरातच मेणबत्त्या करायला लागल्यात, पण सामान सगळीकडं पसरलेलं असतं आणि मेण गरम झाल्यावर वात शोधत फिरायचं, मग ते गार होतं नि परत शेगडीवर. त्यापेक्षा कामाच्या क्रमानंच मांडा. आधी वजनकाटा, मग शेगडी, मग ओतायची जागा आणि शेवटी गार करायची जागा, सगळं एकाच दिशेनं, म्हणजे गरम भांडं घेऊन खोलीभर फिरावं लागत नाही.

वाती कपांमध्ये आधीच मधोमध चिकटवून ठेवा, सेंटचं मापही आधीच काढून ठेवा. 500 ग्रॅम मेणाला 6 टक्के म्हणजे 30 ग्रॅम, आणि हे काट्यावरच मोजायचं, झाकणानं अंदाजपंचे नाही.

ओतायचं टेबल लेव्हलमध्ये पाहिजेच, पाणसळ लावून बघा. फॅन मात्र थेट कपांवर नको, एका बाजूनं लवकर गार होऊन वरचा थर वाकडातिकडा होतो. पावसाळ्यात तर वाती घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, आपल्याकडची दमट हवा माहितीये की.

खाली जुने पेपर अंथरा. भांडं गरम असतानाच कागदानं पुसून घ्या, मेण सिंकमध्ये अजिबात ओतू नका, पाईप तुंबतो. शेगडीजवळ मोठं झाकण हाताशी ठेवाच, मेणानं पेट घेतला तर शेगडी बंद करून झाकण टाकायचं, पाणी चुकूनसुद्धा नाही, भडका उडतो.