काठिण्यपातळी नोंदवताना 'कोणासाठी' तेही लिहा

अपूर्णांकांची एकच कार्यपत्रिका पाचवीला अवघड, आठवीला सोपी. म्हणून शैक्षणिक साहित्याच्या माहितीच्या नोंदीत (मेटाडेटात) नुसतं 'अवघड' लिहून थांबू नका. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००२ च्या लॉम मानकात, म्हणजे अशी नोंद कशी करायची ते ठरवणाऱ्या मानकात, 'अतिसोपे' ते 'अतिकठीण' अशा पाच पायऱ्या आहेत, पण त्या ज्या विद्यार्थ्यांसाठी साहित्य बनवलंय त्यांच्या संदर्भातच वाचायच्या असतात. त्यामुळे शेजारचे वयोगट आणि लागणारा वेळ हे रकानेही भराच. मला तर वेळेचा रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण शिक्षकाला तासिका आखायची असते. स्कीमा डॉट ऑर्गच्या (वेबपानांवरची माहिती नोंदवण्याच्या सामायिक शब्दावलीच्या) पद्धतीने नोंद करत असाल, तर 'एज्युकेशनल लेव्हल' या रकान्यात इयत्ता लिहा. पायरी निवडण्याआधी मात्र दोन-तीन मुलांकडून ती कार्यपत्रिका सोडवून घ्या, घड्याळ लावून.