बायकार्बोनेट वाचलं म्हणजे आम्ल गेलं असं नाही: रीनल (मूत्रपिंड) वाचणाऱ्या मेडिकलच्या फर्स्ट इयरसाठी

मूत्रपिंडातल्या नळीच्या लूपवर एनकेसीसी-२ हा क्षार परत ओढणारा वाहक, त्यावर फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध. पुढे डिस्टल ट्युब्यूलवर एनसीसी हा तसाच वाहक, त्यावर थायझाइड. एवढं सगळ्यांचं पाठ होतं, त्याची काळजी करू नका. गाडी अडते ती आम्लापाशी. मी तिथं चांगलीच रखडले होते, म्हणून तेवढंच सविस्तर सांगते.

दिवसाला साधारण १८० लिटर फिल्ट्रेट (रक्तातून नळीत गाळलेला द्रव), लिटरमागे २४ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा अल्कली, म्हणजे ४,३२० च्या आसपास. त्यातलं जवळपास ८० टक्के नळीचा पहिला भाग, प्रॉक्झिमल ट्युब्यूलच, परत घेतो. कसं? कागदावर ल्युमेन (नळीची पोकळी), पेशी, रक्त असे तीन रकाने पाडा आणि एकाच हायड्रोजन आयनवर बोट ठेवून चला. पेशीच्या ल्युमेनकडच्या बाजूचा वाहक एनएचई-३ सोडियम आत घेतो, हायड्रोजन ल्युमेनमध्ये टाकतो. तिथं त्याची बायकार्बोनेटशी गाठ पडते, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या एंझाइममुळे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बन डायऑक्साइड पेशीत शिरतो आणि आत हीच क्रिया उलटी होते. बायकार्बोनेट रक्ताकडे जातं, हायड्रोजन पुन्हा एनएचई-३ च्या दारात उभा! हजारोंनी हायड्रोजन स्रवला, तरी या फेऱ्यात शरीराबाहेर गेलेलं आम्ल शून्य. बुडणारी उधारी वसूल झाली. कमाई दमडीची नाही. इथं गफलत झाली की पुढचं सगळं पाठांतर वाया जातं, स्पष्टच सांगते.

मग कमाई कुठे? रोज वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल तयार होतं, समजा ७०. लघवीचा पीएच फार तर ४.५ पर्यंत उतरतो, आणि तेव्हा मोकळा हायड्रोजन असतो लिटरला जेमतेम ०.०३ मिलिइक्विव्हॅलंट. भागाकार करून बघा, दोन हजार लिटरच्या वर लघवी लागेल. म्हणून हायड्रोजन बांधून नेणारे फॉस्फेट आणि अमोनिया. नळीच्या शेवटी, कलेक्टिंग डक्टमधली अल्फा इंटरकॅलेटेड पेशी पंपानं हायड्रोजन ढकलते. तो फॉस्फेटला चिकटून गेला की त्यामागे एक नवं बायकार्बोनेट एई-१ या वाहकातून रक्तात जमा. अमोनियाचं नवं बायकार्बोनेट त्याआधीच, प्रॉक्झिमल पेशीत ग्लुटामिन हे अमिनो आम्ल मोडताना बनलेलं असतं. मात्र अमोनियम लघवीतून बाहेर पडलं तरच ते पदरात पडतं, नाहीतर यकृत युरिया बनवताना ते खर्चून टाकतं.

सीनियरच्या नोट्स अ‍ॅनाटॉमीला खुशाल वापरा. अ‍ॅसिड-बेसला नको, त्या उतरवलेल्याच्या उतरवलेल्या असतात. ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हणणाऱ्या सरांना वर्गाबाहेर गाठून एकदा तरी विचारा. बरेचदा त्यांनाही बरं वाटतं.

पहिल्यांदा वाचून कळलं नाही तर घाबरू नका, कुणालाच कळत नाही. रकाने दोन-चारदा काढलेत की रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस (नळीच्या बिघाडानं रक्त आम्ल होणं) पाठ करावाच लागत नाही. टाइप १ मध्ये अल्फा पेशीच लंगडी, म्हणून रक्त कितीही आम्ल झालं तरी लघवीचा पीएच ५.५ च्या वरच. टाइप २ मध्ये प्रॉक्झिमलची बायकार्बोनेट वसुली कच्ची. पण रक्तातलंच बायकार्बोनेट खाली आलं की उरलेलं सगळं परत घेता येतं आणि लघवी ५.५ च्या खाली जाते. नुसत्या एका पीएचवरून टाइप २ नाही म्हणू नका.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध निघतंच. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज बंद, बायकार्बोनेट ल्युमेनमध्ये अडकलं, सोडियमसोबत लघवीत गेलं. लघवी अल्कली, रक्त आम्लाकडे. आणि पोटॅशियमही घसरतं, हे एक्स्टर्नल परीक्षकानं विचारायच्या आत सांगून टाका.