लूटनमध्ये अकरावी-बारावी करायची असेल तर

माझी दहावी पुण्यात झाली आणि पुढची दोन वर्षं इंग्लंडमधल्या लूटन शहरातल्या लूटन सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजसारख्या ठिकाणी. नव्याने आलेली मराठी कुटुंबं फोटोतली चकचकीत इमारत बघून आधी विचारतात, "फी किती?" तर इथे रीतसर राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांतल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांना फी नसते. कॉलेज सरकारी पैशावर चालतं.

इमारत नवी असली तरी संस्था जुनी आहे. १९०४ची मॉडर्न स्कूल १९३८ मध्ये ब्रॅजर्स हिलवर आली, पुढे ग्रामर स्कूल झाली. म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडायची. १९६६च्या सुमारास लूटनने ती निवडच मोडीत काढली आणि ग्रामर स्कूलच्या जागी सोळा वर्षांपुढच्यांचं कॉलेज आलं, इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. म्हणूनच शहरातल्या बऱ्याच शाळा सोळाव्या वर्षी संपतात. नवख्याला याचा मोठा फायदा: सप्टेंबरात वर्गातले जवळपास सगळेच नवे असतात, जुन्या टोळक्यात शिरायची धडपड करावी लागत नाही.

१९९३ मध्ये अशी कॉलेजं कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, हातून सुटून स्वतंत्र झाली, पण बांधकामासाठी सरकारी अनुदानाकडेच बघावं लागलं. २००९ मध्ये देशभरातली कॉलेज-बांधकामाची योजना पैशाअभावी अडकली. लूटनची नवी इमारत मात्र २०१० मध्ये त्याच आवारात उघडली. नशीबच म्हणायचं!

तरी इमारतीला भुलू नका. खरा कस विषय निवडताना लागतो. इथे सायन्स-कॉमर्स अशा शाखा नाहीत. बहुतेक जण ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेचे, तीनच विषय घेतात आणि तिथेच पुढच्या वाटा ठरतात. केमिस्ट्री सोडलीत की मेडिकल जवळपास गेलंच. गणिताशिवाय इंजिनिअरिंगचंही तेच. तीन विषय म्हणजे माझ्या बाबांना शुद्ध फसवणूक वाटली होती! पण एकेक विषय चांगलाच खोल जातो, आणि परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदम. मधले ऑफ तास लायब्ररीत घालवा.

अर्जासोबत दहावीची गुणपत्रिका लागते. इंग्रजी आणि गणित आधी बघतात. त्यात कमी पडलात तर ते विषय जोडीला पुन्हा करावे लागतात. मेडिकल, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज डोक्यात असेल तर विद्यापीठाचा अर्ज दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातो. तयारी त्याआधीच्या उन्हाळ्यातच करावी लागते, तेव्हा भारतवारीची तिकिटं त्या हिशेबाने काढा.